वस्तरा : आपल्या हातातील एक विस्मृत विद्या

आपल्या नाभिक समाजाचा इतिहास सांगताना आपण जिवा महाला आणि शिवा काशीद या दोन वीरांचे स्मरण प्रथम करतो, आणि ते सर्वथा योग्यच आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली एकाने छत्रपतींवर येणारा घाव परतविला. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात दुसऱ्याने त्यांचा वेष धारण करून मृत्यू पत्करला. परंतु रणांगणावरील शस्त्राचा एवढा अभिमान बाळगणारे आपण, ज्या वस्तऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या आपले घर चालविले, त्याचा उल्लेख मात्र संकोचाने करतो. हा संकोच अनाठायी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. म्हणून आजऱ्यासारख्या गावाच्या संदर्भात या साधनाचा थोडा मागोवा घेण्याचे येथे योजिले आहे.

वस्तऱ्याचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. संस्कृतात त्यास ‘क्षुर’ म्हणतात आणि ‘क्षौर’ हा शब्द त्यापासूनच आला. क्षौरविधीचा उल्लेख अथर्ववेदात आढळतो. आणि आत्मज्ञानाचा मार्ग किती दुर्गम आहे हे सांगण्यासाठी कठोपनिषदाने वस्तऱ्याच्या धारेचीच उपमा योजिली. आपले संत सेना महाराज यांनीही व्यवसायातील उपकरणांनाच आपल्या अभंगात परमार्थाची रूपके केली. ज्या साधनात ऋषींना व संतांना अर्थ दिसला, ते हीन कसे असेल?

हिरण्यकेशीच्या काठचे आजरे हे संस्थानी काळात इचलकरंजी जहागिरीत मोडत असे. हा मुलूख भरपूर पावसाचा व भाताचा. गावगाड्यात न्हावी, अर्थात वारीक, हा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर घरोघरी श्मश्रू करावयाची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते आणावयाचे, असा हा व्यवहार होता. काखेतील धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, वाटी, आरसा आणि धार लावण्याचा दगड एवढा संसार असे. जावळापासून सुतकापर्यंत प्रत्येक प्रसंगी न्हाव्यावाचून अडत असे. तुंबडी लावणे, गळू फोडणे, लग्नात मशाल धरणे हीही कामे त्याच्याकडेच असत. मानाच्या प्रसंगी तो अग्रभागी असे. मोबदला मात्र पुष्कळदा देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही.

वस्तऱ्याची खरी विद्या दाढी करण्यात जितकी आहे, तितकीच ती धार राखण्यात आहे. दगडावर वस्तरा आडवा टाकताना त्याची पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी टेकली पाहिजेत. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो. पाठ उचलली की धार बिघडलीच. दगडावर धार पुढे ठेवून वस्तरा चालवावयाचा. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जातो. पुढे केसांची तयारी. कोमट पाणी लावून बोटांनी काही वेळ चोळले, की केस पाणी शोषून मऊ होतात. साबण दुर्मिळ होता तेव्हा केवळ पाण्यावर आणि बोटांवर हे काम होत असे. एका हाताने कातडी ताणून धरावयाची आणि दुसऱ्या हाताने, सुमारे तीस अंशांचा कोन राखून, दाब न देता पाते फिरवावयाचे. गळ्याखाली उघडी धार फिरत असताना माणूस निश्चिंतपणे डोळे मिटून बसतो, हा विश्वास पिढ्यांच्या सरावाने मिळविलेला आहे.

या हाताला विवेकही होता. १८९० मध्ये मुंबईत ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधव एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनास आपण हात लावणार नाही, असा त्यांनी निश्चय केला. त्या कामाचे पैसे मिळत होते. तरीही ते नाकारले गेले. वस्तरा कोठे चालवावयाचा याइतकेच तो कोठे थांबवावयाचा हेही आपल्या पूर्वजांना कळत होते, याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे या विद्येला आव्हान देणारी वस्तू आकार घेत होती. सुरक्षित वस्तऱ्याचे काही प्रकार युरोप-अमेरिकेत आधीच निघाले होते. परंतु त्यांच्या पात्यास धार लावावीच लागे. किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाने पातळ, दुधारी आणि बोथट होताच फेकून द्यावयाचे पाते कल्पिले. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञाने ते प्रत्यक्षात आणले आणि १९०४ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. १९०३ मध्ये अवघी ५१ यंत्रे खपली होती. पुढील वर्षी ९० हजारांहून अधिक खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख यंत्रे मागविली आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर पसरली. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर टोपाझसारखी देशी पाती खेड्यांतील दुकानांपर्यंत पोहोचली. मुंबईस नोकरीला गेलेला माणूस घरीच दाढी करू लागला. बलुत्याची जागा रोख पैशाने घेतली, धोकटीच्या ठिकाणी दुकान आले.

पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती झाली आणि प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवे पाते वापरण्याची रीत रूढ झाली. दुधारी पात्याचे दोन तुकडे करून अर्धे पाते मुठीत बसविले, की काम भागते. आरोग्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले, त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु धार आता कारखान्यातून येऊ लागली, आणि दगड व पट्टा यांची विद्या एका पिढीतच मागे पडली. २०२० च्या महामारीत तर महाराष्ट्रात २८ जूनपासून दुकाने उघडण्यास मुभा मिळाली ती केस कापण्यापुरती. दाढीस प्रारंभी परवानगीच नव्हती. कित्येक कुटुंबांनी त्या दिवसांत काय सोसले, हे वाचकांस सांगावयास नको.

आश्चर्य हे की, आज शहरांतील सुशिक्षित तरुण जुना वस्तरा, दगड, ब्रश आणि साबणाची वाटी हौसेने विकत घेत आहेत आणि धार लावण्याची कला नव्याने शिकत आहेत. जे आपण ट्रंकेच्या तळाशी लपविले, ते इतरांस संग्राह्य वाटू लागले आहे. आपल्या मुलांनी डॉक्टर, अभियंते, शिक्षक अवश्य व्हावे. जातीमुळे कोणावरही कोणताच धंदा लादला जाऊ नये. पण धंद्याचे बंधन सुटले म्हणून विद्येचाही त्याग करावा, असे नव्हे.

म्हणून समाजबंधू-भगिनींस एक नम्र विनंती आहे. आपल्या घरी आजोबांचा वस्तरा, नराणी अथवा धोकटी असल्यास ती भंगारात घालू नये. गंज पुसून, तेलाचा हात फिरवून ती जपून ठेवावी. ज्या वृद्धांस धार लावता येते, त्यांच्याकडून ती रीत व त्या कामाचे शब्द तरुणांनी लिहून घ्यावेत. श्रावण वद्य द्वादशीस सेना महाराजांच्या पुण्यतिथीच्या वेळी या उपकरणांचे छोटेसे प्रदर्शन मांडता येईल. त्या दिवशी आपल्या मुलांनी तो वस्तरा संकोच न करता हाती घेऊन पाहावा, एवढीच अपेक्षा.