९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन

९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरले. संमेलननगरीस जिल्ह्यातील तेरचे संत गोरोबाकाका यांचे नाव देण्यात आले होते. उद्घाटन कवी ना. धों. महानोर यांनी केले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीस काहींनी विरोध केला, तथापि ती कायम राहिली.

ग्रंथप्रदर्शन

संमेलनस्थळी ग्रंथप्रदर्शन भरविण्यात आले. मोठ्या पुस्तकपेठांपासून दूरच्या वाचकाला अशा प्रदर्शनात अपरिचित साहित्यप्रकारांची पुस्तके चाळून निवडता येतात. कादंबरीचा वाचक चरित्राकडे, इतिहासाकडे वळू शकतो. अध्यक्षांचे लेखनही असेच विविध आहे: ‘सुबोध बायबल’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन.