मराठवाड्यातील शीख कुटुंबे आणि सणांची सीमारेषा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांच्या कडेने वाहणारी ही नदी पुढे परभणी जिल्हा ओलांडून नांदेडला पोहोचते. दिवाळीच्या सुमारास तिचेच पाणी घागरींतून सचखंड श्री हजूर साहिबात नेले जाते. त्या पाण्याने तख्ताची वास्तू आणि तेथील ऐतिहासिक शस्त्रे धुतली जातात. या विधीस 'तख्तस्नान' म्हणतात. हिंदू पंचांगातील सणाच्या तोंडावर, दक्षिणेची गंगा मानल्या गेलेल्या नदीच्या पाण्याने, शिखांच्या पाच तख्तांपैकी एका तख्तावर हा विधी होतो. हा सण कोणाचा, असा प्रश्न त्या वेळी तेथे कोणी विचारत नाही.

बीड, परळी किंवा अंबाजोगाई येथे राहणाऱ्या एखाद्या शीख कुटुंबापुढे मात्र हा प्रश्न वर्षातून अनेकदा उभा राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण महाराष्ट्रात शिखांची संख्या सुमारे २ लाख २३ हजार होती. बीड जिल्ह्यात तर हे प्रमाण अत्यल्प आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, संक्रांतीचे हळदीकुंकू, पाडव्याची गुढी, दसऱ्याचे आपट्याचे पान हे सर्व शेजारातून दारापर्यंत येते. ते स्वीकारले तर आपली ओळख विरघळेल आणि नाकारले तर शेजार दुरावेल, अशी ही कोंडी आहे. शीख कुटुंबांनी अन्य संस्कृतींचे सण साजरे करावेत काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा पंजाब किंवा परदेशातील शीख समाजाच्या अनुभवावरून केली जाते. प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे तिचा विचार केला आहे.

'अन्य' सण कोणते?

प्रश्नातील 'अन्य' हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे वैशाखी आणि दिवाळी या दिवशी शिष्यांचे मेळावे भरविण्याची प्रथा घातली. लोक या दिवसांना पूर्वीपासून सण मानत होते. गुरूंनी दिवस तोच ठेवला आणि त्याचे प्रयोजन बदलले. पुढे सहावे गुरू हरगोविंद यांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून ५२ राजांसह सुटका झाल्याची स्मृती परंपरेने दिवाळीशी जोडली आणि 'बंदी छोड दिवस' रूढ झाला. अठराव्या शतकात वैशाखी व दिवाळी हे 'सरबत खालसा' म्हणजे समग्र पंथाच्या सभेचे दिवस होते. त्या शतकाच्या चौथ्या दशकात भाई मणिसिंग यांना लाहोरच्या मुघल सत्तेने देहदंड दिला, त्याचे निमित्त अमृतसर येथे दिवाळीचा मेळा भरविण्याच्या परवानगीवरून आणि त्यासाठी मागितलेल्या रकमेवरून निर्माण झाले होते. ज्या दिवसासाठी एका संताने प्राण दिले, तो दिवस शिखांच्या दृष्टीने 'परका' कसा ठरवावा?

होळीचेही तसेच आहे. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी आनंदपूर येथे रंगाच्या खेळाऐवजी युद्धसरावाचा 'होला महल्ला' सुरू केला. तो होळीच्या दुसऱ्या दिवशी येतो. मराठवाड्यात ही धुळवड असते. संक्रांतीच्या दिवशी येणारी 'माघी' ही मुक्तसर येथे धारातीर्थी पडलेल्या चाळीस मुक्तांच्या स्मरणाची तिथी आहे. म्हणजे बीडमधील शीख घरी तिळगूळ येतो त्याच दिवशी त्या घराचाही स्वतःचा स्मरणदिन असतो, आणि तो पुष्कळदा शेजाऱ्यांना ठाऊकही नसतो.

दक्षिणेतील परंपरा :

गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेड येथे आले. तेथेच माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी गुरूंचे निर्वाण झाले, आणि ग्रंथाला गुरुपद देण्याची घटनाही याच भूमीतील आहे. महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात आजच्या गुरुद्वाराची मुख्य वास्तू उभी राहिली. साधारण त्याच दशकात निजामाचा पेशकार राजा चंदुलाल याने पंजाबातून शीख शिपाई आणविले. महसूल वसुली आणि खजिन्याच्या रक्षणासाठी ते संस्थानात ठिकठिकाणी नेमले जात. बीड हाही तेव्हा निजामाच्याच राज्यातील मुलूख होता. या शिपायांच्या वंशजांना आणि नांदेडच्या जुन्या शीख कुटुंबांना आज 'दखनी शीख' म्हणून ओळखले जाते. शस्त्रे घडविणाऱ्या आणि पुढे तवे, कढया, कुलपे यांवर उपजीविका करणाऱ्या शिकलकरी शिखांच्या वस्त्याही मराठवाड्यातील अनेक गावांच्या कडेला आहेत. समाजाच्या प्रतिष्ठितांनी त्यांची दखल नेहमी उशिरा घेतली, हे येथे नोंदविले पाहिजे.

या परंपरेचे केंद्र असलेल्या हजूर साहिबात दसरा, दिवाळी आणि होळी हे तीनही सण थाटाने होतात. दसऱ्याला निशाण, घोडे आणि शस्त्रधारी निहंगांसह 'महल्ला' निघतो आणि 'हल्लाबोल' होतो. शस्त्रांची पूजा होते. बोकडाचा बळी देऊन शस्त्रांना टिळा लावण्याची जुनी प्रथाही आहे. मराठवाड्यातील वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही. खांडेनवमीला हत्यारे व अवजारे पूजणारा, विजयादशमीला सीमोल्लंघन करणारा मुलूख हाच आहे. निहंगांची शस्त्रनिष्ठा पंजाबातून आली, हे खरे. परंतु मोहिमेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून दसऱ्याला जे महत्त्व येथे लाभले, त्यामागे दख्खनच्या लष्करी संस्कृतीची साथ असावी, असे मानण्यास जागा आहे. सायंकाळी हजूर साहिबात दिव्यांनी आरतीही होते.

सुधारणेची रेषा :

अमृतसर येथे १८७३ मध्ये सिंग सभेची स्थापना झाली. ख्रिस्ती मिशनऱ्यांचा प्रभाव, आर्य समाजाचा प्रचार आणि ब्रिटिश शिरगणतीतील धर्मनिहाय रकाने यांमुळे 'शीख म्हणजे कोण' हा प्रश्न ऐरणीवर आला. भाई काहनसिंग नाभा यांचे 'हम हिंदू नहीं' हे पुस्तक १८९८ चे. १९०५ मध्ये सुवर्णमंदिराच्या परिक्रमेतील मूर्ती हटविण्यात आल्या. १९०९ मध्ये आनंद विवाह कायदा झाला. या चळवळीला केवळ संकुचित ठरविणे अन्यायाचे होईल. संख्येने लहान असलेला समाज मोठ्या समाजात नकळत मिसळून जातो, ही तिची भीती निराधार नव्हती. बीडसारख्या जिल्ह्यात ती आजही निराधार नाही.

तथापि या चळवळीतून सिद्ध झालेली आणि १९४५ मध्ये अंतिम स्वरूप मिळालेली 'शीख रहित मर्यादा' बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात श्राद्ध, पिंड, एकादशी-पौर्णिमेचे उपवास, मुहूर्त, टिळा, जानवे, होम, मूर्तिपूजा यांचा निषेध आहे. धूप-दीप लावून आरती करणेही गुरुमताविरुद्ध मानले आहे. निषेध आहे तो कर्मकांडाचा. शेजाऱ्याच्या आनंदात सहभागी होण्याचा नाही. चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते.

मग हजूर साहिबातील आरतीचे काय? याचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा राजकीय भूगोलात सापडते. १९२५ चा गुरुद्वारा कायदा पंजाबपुरता होता. नांदेड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपुष्टात आले आणि १९५६ मध्ये नांदेडच्या गुरुद्वारासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामुळे अमृतसरची नियमावली येथे जशीच्या तशी लागू झाली नाही आणि तख्ताची जुनी मर्यादा टिकली. २००३ मध्ये नानकशाही दिनदर्शिका लागू झाली, तेव्हाही नांदेडने विक्रमी पंचांगच चालू ठेवले. विशेष म्हणजे त्या सुधारित दिनदर्शिकेतही होला महल्ला, बंदी छोड दिवस आणि गुरू नानक जयंती या तीन तिथी जुन्या पंचांगानुसारच ठेवाव्या लागल्या होत्या. पंचांग बदलले, तरी लोकांची होळी आणि दिवाळी हलविणे सुधारकांना शक्य झाले नाही.

घरातील निर्णय :

तख्ताच्या परंपरेचा दाखला देऊन घरातील प्रत्येक प्रश्न सुटत नाही. दसऱ्याचे आपट्याचे पान घेणे आणि गणपतीची प्राणप्रतिष्ठा करणे यांत फरक आहे. पहिल्यात पूजेचा भाग नाही. वडीलधाऱ्यांच्या पाया पडून 'सोने' देणे हा मराठवाड्याचा स्नेहाचा व्यवहार आहे. दुसरे मूर्तिपूजेत मोडते आणि निर्गुणाची उपासना सांगणाऱ्या गुरूंच्या शिष्याला ते अडचणीचे वाटणे स्वाभाविक आहे. मंडळाला वर्गणी देणारा आणि आरतीला उभा न राहणारा शीख दुकानदार ही तडजोड कोणत्याही नियमावलीशिवाय करतो. तिच्यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही.

हळदीकुंकवाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कुंकू हा टिळा मानावा की सौभाग्याचा लौकिक संकेत, हे ठरविण्याची वेळ पुरुषांवर येत नाही. ती घरातील स्त्रीवर येते, तीही शेजारणीच्या उंबरठ्यावर, बोट कपाळाजवळ आलेले असताना. वाण घेऊन कुंकवाला हात जोडणे किंवा तेही लावून घेणे, यांपैकी काहीही केले तरी नंतर जाब तिलाच विचारला जातो. रहित मर्यादेवरील चर्चांत या प्रसंगाला फारसे स्थान मिळालेले नाही.

परदेशातील शीख कुटुंबांत हाच वाद नाताळाविषयी होतो. डिसेंबरचा उत्तरार्ध हा साहिबजाद्यांच्या हौतात्म्याचा काळ असल्याने त्या दिवसांत जल्लोष करावा काय, ही त्यातील खरी अडचण आहे. २०२२ पासून २६ डिसेंबर हा दिवस भारतात 'वीर बाल दिवस' म्हणून पाळला जातो. येथे आक्षेप नाताळ परका असण्यावर नाही, शोकाच्या दिवसांवर दुसऱ्याचा आनंद चढण्यावर आहे. स्वतःची तिथी घरात जागती असेल, तर शेजाऱ्याचा सण तिची जागा घेत नाही. ती विस्मरणात गेलेली असेल तर मात्र शाळेतील सांताक्लॉज आणि गल्लीतील गणपती यांत मुलाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही.

मराठवाड्याजवळ या संदर्भात एक आधार आहे, जो परदेशातील कुटुंबांना उपलब्ध नाही. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि नरसीत आज गुरुद्वाराही आहे. बीडमधील वारकरी आणि बीडमधील शीख या दोघांच्याही भक्तिपरंपरेत नामदेव येतात. नामदेवांचा समाधिदिन वारकरी आषाढ वद्य त्रयोदशीला पाळतात. त्या दिवशी शेजारच्या भजनाला जाणाऱ्या शिखाने कोणाचा सण साजरा केला, हे ठरविणे नियमावली लिहिणाऱ्यांनाही कठीण जाईल.