एका सोमवारचा मथळा

जुनें वर्तमानपत्र वाचण्यांत जी मौज आहे ती ताज्या पत्रांत नाहीं. ताजें पत्र हातीं घेतांना उद्यां काय वाढून ठेवलें आहे याची धास्ती असते. जुन्या पत्रांतला 'उद्यां' केव्हांच होऊन गेलेला असतो. शिवाय संपादकमहाशयांस जें ठाऊक नव्हतें तें आपणांस ठाऊक असतें. आणि संपादकापेक्षां आपण शहाणे आहों हें सुख दुसऱ्या कोणत्या वाचनांत इतक्या स्वस्तांत मिळणार? तें सुख घेण्यासाठीं, श्रोतेहो, मीं आज एकच दिवस निवडला आहे: सोमवार, ता. २६ जुलै १९४३.

त्या दिवशीं जगांतल्या मोठमोठ्या पत्रांचा मथळा एकच होता. मुसोलिनी गेला! आदल्या रात्रीं रोमच्या रेडिओनें जाहीर केलें होतें कीं, राजेसाहेबांनीं मुसोलिनींचा राजीनामा स्वीकारला असून त्यांच्या जागीं मार्शल बादोल्यो यांस नेमलें आहे. राजीनामा! काय सभ्य शब्द आहे! जणूं एखाद्या नगरपालिकेच्या अध्यक्षांनीं कौटुंबिक अडचणीस्तव दोन ओळी लिहून दिल्या. प्रत्यक्षांत घडलें तें असें. शनिवारीं सायंकाळीं फॅसिस्ट महामंडळाची बैठक बसली ती रविवारच्या पहाटेपर्यंत चालली, आणि त्यांच्याच माणसांनीं बहुमतानें त्यांच्याविरुद्ध ठराव केला. रविवारीं दुपारीं हे गृहस्थ राजाची भेट घेऊन बाहेर पडतात तों दारांत दुखणेकऱ्यांची मोटार उभी! तींत बसवून त्यांस थेट पहाऱ्यांत नेलें. म्हणजे मथळ्यांतला राजीनामा नकली, आणि दारांतली अँब्युलन्स त्याहून नकली. हे मुसोलिनी स्वतः एके काळीं संपादक होते, हें येथें सांगितलें पाहिजे. मथळा कसा सजवावा हें ज्यानें आयुष्यभर इतरांस शिकविलें, त्याच्याच वाट्याला हा सजविलेला मथळा आला.

आतां हेंच वृत्त घेऊन आपण सातारा-सांगलीकडे वळूं. मुंबई-पुण्याचे गठ्ठे पुणें-मिरज गाडीनें इकडे येत. युद्धामुळें कागदावर नियंत्रण होतें आणि पत्रें उपासकऱ्यासारखीं रोडावलीं होतीं. परंतु त्या रोडक्या अंगावर सिसिली होती, चार दिवसांपूर्वीं पडलेलें पालेर्मो होतें, रशियांतलें कुर्स्क होतें. ज्यानें कधीं नीरा ओलांडली नाहीं असा वाचकही ओरेलच्या आघाडीविषयीं ठासून बोलूं लागे. शेजारच्या तालुक्यांत काय चाललें आहे हें मात्र छापील कागदावरून समजणें कठीण होतें, कारण पत्रांचे हात भारतसंरक्षण नियमांनीं बांधलेले होते.

आणि शेजारीं तर बरेंच चाललें होतें. रोमला ती बैठक बसण्याच्या कांहीं तास आधीं, त्याच शनिवारीं, ता. २४ जुलैला, भर दिवसां सांगलीच्या किल्ल्यांतला तुरुंग फुटला. वसंतराव पाटील, ज्यांना पुढें सारा महाराष्ट्र वसंतदादा म्हणूं लागला, यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावरून खंदकांत उड्या घेतल्या आणि आषाढांतल्या कृष्णेकडे धांव घेतली. मागून गोळ्या येत होत्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे त्यांत कामास आले. वसंतरावांच्या खांद्याला गोळी लागली व ते पुन्हां पकडले गेले.

ही बातमी गांवभर होण्यास छापखान्याची गरज नव्हती. गोळ्यांचा आवाज गांवानें आपल्या कानांनीं ऐकला होता. तोंडी बातमीचा एक दोष आहे, ती वाटेंत वाढते. प्रतिसरकारचें 'पत्री सरकार' झालें तें असेंच. हे लोक तळपायांना पत्रे ठोकतात ही वदंता इतकी पसरली कीं, त्यांची न्यायदानाची मंडळें आणि थोड्या खर्चांतले गांधी-विवाह तिच्याखालीं झांकून गेले. पण मला विचाराल तर मीं असें म्हणेन कीं, वाढलेली बातमी पुरवली. आंतला कैदी लपवून वर राजीनाम्याचा शेला पांघरणाऱ्या बातमीपेक्षां तिच्यांत खऱ्याचा अंश अधिक असतो.

परक्या वार्ताहराला आमचा मुलूख समजणेंही सोपें नव्हतें. सातारा जिल्हा इंग्रजांचा, सांगली पटवर्धनांची, कुंडल औंधकरांचें. सारा नकाशा आजीच्या गोधडीसारखा ठिगळांचा. पोलीस या ठिगळावर आले कीं भूमिगत त्या ठिगळावर! त्याच वर्षीं ७ जूनला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी तुफान सेनेनें लुटली, तेव्हां हद्दींचा हा घोळ सरकारला चांगलाच जाणवला असावा.

त्या सोमवारच्या पानांवर आणखी एक जागा कोरी होती, आणि तिच्याविषयीं थट्टा करवत नाहीं. बंगालमध्यें माणसें अन्नावांचून मरत होतीं. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'नें रस्त्यांतल्या त्या देहांचीं छायाचित्रें छापलीं तीं २२ ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ महिन्यानें. जुन्या पत्रावर बोट ठेवून हंसतांना तें बोट या जागीं आलें कीं थबकतें.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. मुसोलिनींना १२ सप्टेंबरला जर्मनांनीं डोंगरावरच्या कैदेंतून सोडविलें. त्यासाठीं आकाशांतून विनाइंजिनाचीं विमानें उतरवावीं लागलीं. सांगलीच्या कैद्यांजवळ तट ओलांडण्यास स्वतःच्या पायांखेरीज कांहीं नव्हतें. वसंतरावांना लांबलचक शिक्षा झाली, १९४६ सालीं ते सुटले, आणि १९७७ सालीं मुख्यमंत्री झाले. १९८५ सालीं त्यांचेंही नांव 'राजीनामा' या शब्दासह मथळ्यांत झळकलें. तो राजीनामा मात्र त्यांनीं स्वतःच्या हातानें दिला होता, आणि दारांत अँब्युलन्स नव्हती.