दारांचा रंग : सफेद्यापासून फवाऱ्यापर्यंत

जीर्णोद्धाराच्या कामात शिखर, कळस आणि सभामंडप यांची चर्चा पुष्कळ होते. दारे, चौकटी, गणेशपट्ट्या, खिडक्यांचे कंगोरे यांच्याकडे लक्ष जाते ते अगदी अखेरीस. तोवर वर्गणी आटत आलेली असते आणि ‘दोन हात मारून घ्या’ एवढ्यावर निकाल लागतो. वास्तविक देवळात माणसाचा स्पर्श सर्वांत अधिक होतो तो दाराला. दारावर टिकाऊ रंग कोणता आणि तो चढवावा कसा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नापायी जगभर कित्येक कारागिरांनी आपले आयुष्य झिजविले आहे.

पूर्वी आपल्याकडील दारे बहुधा तेलावरच जगत. सागवान असो की फणस, वर्षा-दोन वर्षांनी तेलाचा बोळा फिरला की लाकूड पुन्हा तजेलदार दिसे. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल वाळवीवर उतारा म्हणून लावीत. देशावर व विदर्भात जवसाचे तेल हाताशी असे. या जवसाच्या तेलाचा एक मोठा गुण असा की ते वाळते. खोबरेल वर्षभर ठेवले तरी तेलकटच राहील. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट पापुद्रा धरते. तैलरंगांचा सारा डोलारा या गुणावरच उभा राहिला.

त्या तेलात कालवायचे काय? युरोपातील रंगाऱ्यांनी याचे उत्तर शोधले ते सफेद्यात. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा क्षार. शिशाच्या पट्ट्या आंबेच्या, म्हणजे सिरक्याच्या, भांड्यांत ठेवून ती भांडी शेणखतात पुरीत. काही आठवड्यांनी पट्ट्यांवर पांढरी पापडी धरे. जवसाच्या तेलाशी या क्षाराचा असा संयोग होई की पापुद्रा चिवट होऊन लाकडाबरोबर फुगे व आकसे. म्हणूनच सफेद्याचा रंग पिढ्यानुपिढ्या टिके. आपला शेंदूरही शिशाचाच, आणि क्रोम पिवळा म्हणून जो झगझगीत पिवळा पुढे दारांवर चढला, तोही शिशाचाच. टिकाऊपणाला शिसे, असे समीकरणच होऊन बसले होते.

त्याची किंमत रंगारी मोजीत होते. पोटात असह्य कळा, मनगटे लुळी पडणे, हिरड्यांवर निळसर रेघ ही त्यांच्या धंद्याची लक्षणे मानली जात. कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिणाऱ्या रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालीच चित्रकार व रंगारी यांच्या दुखण्याची नोंद केली होती. परंतु धंदा चालूच राहिला. या काळोखात एक नाव आदराने घ्यावेसे आहे. ते म्हणजे पॅरिसचे लक्लेअर. हे गृहस्थ स्वतः घरे रंगविण्याची कंत्राटे घेणारे. आपली माणसे शिशाने खंगताना पाहून त्यांनी १८४० च्या दशकात जस्ताचा पांढरा रंग वापरात आणला, आणि त्याच सुमारास कामगारांना नफ्यात वाटाही दिला. जस्ताचा रंग सफेद्याइतका चिवट नव्हता ही गोष्ट खरी. पण तो लावणारा माणूस शाबूत राही.

मुलांच्या वाट्याला आलेले दुःख ध्यानी येण्यास आणखी अर्धे शतक गेले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मुले अकारण पांगळी होत, काहींची दृष्टी जाई. तेथील डॉक्टर गिब्सन यांनी १९०४ साली कारण दाखवून दिले. ओसरीच्या कठड्यांवरील रंग उन्हाने भुकटी होई. ती मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. कठडा, चौकट, खिडकीची पट्टी ही लहान मुलाच्या हाताच्या उंचीवरची जागा. म्हणूनच भिंतीच्या रंगापेक्षा दारा-कठड्यांच्या रंगाची निवड अधिक जबाबदारीची ठरते.

याच सुमारास अमेरिकेत फवाऱ्याचा जन्म झाला. ओहायो राज्यातील टोलेडो गावचे डॉक्टर डीव्हिलबिस यांनी १८८० च्या दशकात रोग्याच्या घशात औषध शिंपडण्यासाठी लहानसे यंत्र केले होते. १९०७ साली त्यांचे चिरंजीव थॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंग उडविणारी बंदूक तयार केली. कुंचल्याची रेघ नाही, कंगोऱ्यांत साठलेला थेंब नाही, तासांचे काम मिनिटांत! मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली आणि पुढे ती सुताराच्या मांडवातही आली. परंतु घशाला औषध पोहोचविणारी युक्ती आता घशात शिसे पोहोचवू लागली.

हा धोका जिनिव्हात भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने ओळखला. १९२१ च्या करारान्वये इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरण्यास मनाई झाली; काही अपवाद तेवढे ठेवले. करारात दोन गोष्टींचा स्वतंत्र उल्लेख आहे: फवाऱ्याने रंग देताना होणारा अपाय टाळावा, आणि जुना रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीपासून कामगाराला वाचवावे. शंभर वर्षांनंतरही याहून नेमके सांगता येणार नाही.

शिसे काढून टिकाऊपणा कसा राखावा, याचे उत्तर रसायनशास्त्राने हळूहळू दिले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टायटॅनियमचा पांढरा रंग आला. १९२० च्या दशकात तेलापासूनच पण अधिक कठीण असे अल्किड निघाले, ज्याचे एनॅमल आज गावोगावच्या दुकानांत मिळते. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला आणि १९५० च्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले. मुंबईत रंगधंदा रुजला होता: १९२० मध्ये लोअर परळला पुढे गुडलास वॉल म्हणून नावारूपास आलेला कारखाना निघाला, १९४२ मध्ये गिरगावात एशियन पेंट्सचा आरंभ झाला. शिशावर सक्तीची मर्यादा येण्यास मात्र २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असे ठरविले. म्हणजे त्यापूर्वी पिवळ्या, केशरी वा पांढऱ्या तैलरंगाने रंगविलेल्या दारात शिसे असेल, असे धरूनच चालणे शहाणपणाचे.

देवळाच्या दारापुरते बोलावयाचे तर तीन रंगांत निवड होते. एनॅमल स्वस्त व सोशिक. पण गाभाऱ्यासारख्या अंधाऱ्या जागी पांढरे एनॅमल पिवळे पडते. ॲक्रिलिक पिवळे पडत नाही, वासही कमी. मात्र ते पुरते मुरण्याआधी दार लावले तर चौकटीला चिकटते. पॉलियुरेथेन सर्वांत कठीण; पण त्याच्या दोन डब्यांच्या जातीतील आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो. रंगाऱ्याने तोंडाला बांधलेला रुमाल तेथे काही कामाचा नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटाच हवा.

फवाऱ्याचे खरे काम फवाऱ्याआधीच संपलेले असते. समईच्या काजळीचा व तुपाचा थर धुतला पाहिजे, लांबी भरून घासली पाहिजे, गाठींवर चपडा लाखेचा हात दिला पाहिजे, मग अस्तर. बंदूक दारापासून सात-आठ इंचांवर समांतर फिरवावी, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा, आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्यावेत. जुन्या पद्धतीच्या बंदुकीतून निम्म्याहून अधिक रंग हवेत जातो. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या कमी दाबाच्या बंदुकीतून सुमारे दोनतृतीयांश रंग लाकडावर बसतो.

जुने थर काढणे हे यापेक्षा नाजूक काम. दिवाबत्तीच्या ज्योतीने रंग जाळू नये, कोरडा काचकागद फिरवू नये. दार उतरवून पाणी शिंपडीत ओलेच घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे, पोरांना त्या दिवसांत अंगणात येऊ देऊ नये. सांडलेला लगदा विहिरीपासून व परड्यापासून दूर, बंद पिशवीत भरावा आणि घासणाऱ्याने घरी जाण्यापूर्वी अंगावरचे कपडे बदलावेत.