सेंट जेम्स चर्चच्या आवारात : एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला घेऊन आम्ही काश्मिरी दरवाज्याजवळील सेंट जेम्स चर्चच्या आवारात गेलो होतो. मुले थडग्यांवरील नावे आणि सन वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात एक विद्यार्थी जवळ आला आणि म्हणाला, "बाई, यांत आपलं कुणीच नाही का?" परतीची बस उभी होती, ऊनही चढले होते. "नाही रे," असे म्हणून मी मोकळी झाले. घरी आल्यावर ते उत्तर मला बोचू लागले, कारण ते चुकीचे होते.

दफनभूमी हा इतिहासाचा फार मोठा दप्तरखाना असतो, हे आपल्याकडे सहसा लक्षात घेतले जात नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात व्हॅरम पर्सी नावाचे एक खेडे मध्ययुगाच्या अखेरीस ओस पडले. तेथे 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे उन्हाळ्यात उत्खनन चालले. गावच्या चर्चच्या आवारातून सुमारे सातशे सांगाडे मिळाले. त्यांपैकी कोणाचेही नाव कागदोपत्री नाही. तरीही त्या हाडांवरून अभ्यासकांना कळले, की तेथील मुलांची वाढ आजच्या मुलांच्या मानाने बरीच मागे राहत असे आणि आया बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. राजेरजवाड्यांच्या बखरींतून ही माहिती कधीच मिळाली नसती.

आपल्या दिल्लीच्या या आवारात कुदळ चालवता येणार नाही, आणि चालवूही नये. तेथे आजही दर रविवारी उपासना होते. पण जमिनीच्या वर जे आहे, तेही वाचण्यासारखे आहे. चर्चच्या कळसावरील मूळ गोळा आणि क्रूस 1857च्या लढाईत गोळ्यांनी चाळणी झाला. पुढे तो उतरवून आवारात जपून ठेवण्यात आला. दिल्लीचा एकेकाळचा रेसिडेंट थॉमस मेटकाफ येथेच आहे. जवळच विल्यम फ्रेझर. 1835च्या मार्चमध्ये त्याचा खून झाला आणि त्या आरोपावरून फिरोझपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन फासावर गेला. हा नवाब म्हणजे उर्दू कवी दाग देहलवी यांचा पिता. फ्रेझरला आधी दुसरीकडे पुरले होते. हे चर्च उभे राहिल्यावर त्याच्या जिवलग मित्राने त्याचे अवशेष येथे आणवले आणि वर संगमरवरी थडगे बांधले.

हा मित्र म्हणजे कर्नल जेम्स स्किनर. चर्च त्यानेच स्वखर्चाने बांधले. 1836 साली त्याचे अभिषेकपूर्वक उद्घाटन झाले आणि वेदीजवळ तो स्वतः चिरविश्रांती घेत आहे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या थडग्यापाशी होते.

स्किनरचा जन्म 1778चा. बाप स्कॉटिश, आई रजपूत. आठवणींत त्याने नोंदवले आहे, की मुलींना शाळेत घालण्याचा नवऱ्याचा निश्चय आईला आपल्या घराण्याच्या पडद्यावरचा घाला वाटला आणि तिने आपले जीवन संपवले. शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिताना हात अडखळतो. तिला आपण आज दोष देऊ शकत नाही. मात्र शाळा हा शब्द एखाद्या घरात किती भयप्रद ठरू शकत होता, हे विसरूनही चालणार नाही.

आई हिंदुस्थानी असल्यामुळे स्किनरला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारपद मिळण्याची वाट 1791च्या हुकमाने बंद झाली होती. कंपनीने नाकारलेल्या या तरुणाला 1795च्या सुमारास घेतले ते शिंद्यांच्या फौजेने. महादजी शिंदे नुकतेच निवर्तले होते. त्यांनी द ब्वान्य या फ्रेंच भाषक सरदाराकडून घडवून घेतलेली कवायती पलटणे आता दौलतराव शिंद्यांच्या हाती होती. शिवाय 1784 साली बादशहाकडून मिळालेल्या वकील-इ-मुतलक पदाच्या जोरावर दिल्लीचा कारभारही शिंद्यांच्याच तंत्राने चाले. लष्करी पेशाचे पहिले धडे या माणसाने मराठी चाकरीत गिरवले.

1800 साली याच चाकरीत असताना राजस्थानातील उनियाऱ्याच्या लढाईत तो गोळी लागून पडला आणि जखमींच्या राशीत तसाच राहिला. पाण्यावाचून जीव कासावीस झालेला. तेथे चांभार समाजातील एक म्हातारी पाणी आणि भाकरी घेऊन आली. शेजारी पाय तुटून पडलेल्या रजपूत सुभेदाराने जातीपायी तिच्या हातचे पाणी नाकारले, स्किनर प्यायला. जगलो वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने त्या रणांगणावर केला, असे सांगितले जाते. तो फेडायला छत्तीस वर्षे लागली. मराठी चाकरीत झालेल्या जखमेतून आणि त्या अनाम म्हातारीच्या ओंजळीतून हे चर्च उभे आहे, असे मी आता मुलांना सांगते.

1803 साली इंग्रज-मराठे युद्ध पेटताच शिंद्यांच्या फौजेतून इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना दूर करण्यात आले. स्किनर नाइलाजाने इंग्रज सेनापती लेककडे गेला. मात्र आपल्या जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, लढणार नाही, ही अट घालून. त्याचे प्रसिद्ध पिवळ्या डगल्यांचे रिसाले सुरू झाले तेही शिंद्यांकडून आलेल्या घोडेस्वारांवर. मराठी इतिहासाची पुस्तके या माणसाला पुरेशी जागा देत नाहीत, असे माझे मत आहे.

मग दिल्लीत "आपले" असे थडगे का सापडत नाही? एक कारण साधे आहे. दहन केलेल्या माणसाची राख नदीत जाते, जमिनीकडे पुराव्यादाखल काहीच उरत नाही. महादजींची छत्री आहे, पण ती पुण्याजवळ वानवडीला, जेथे त्यांचे देहावसान झाले. दुसरे असे, की शिंद्यांच्या पलटणींतील बहुसंख्य शिपाई दोआब आणि अवधचे होते, मराठी बोलणारे नव्हते. "आपले" हा शब्द तेथेही आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. आपली दिल्लीतील दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीची माणसे शोधायची, तर पुष्कळदा ती दुसऱ्यांच्या थडग्यांवरील मजकुरातच शोधावी लागतात.

याचा सर्वांत उघड दाखला यमुनेच्या पलीकडे आहे. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या मैदानात लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या फौजेचे नेतृत्व लुई बोर्किन करीत होता. काही दिवसांतच दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात गेली ती कायमची. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ इंग्रजांनी 1916 साली उभारला. आज तो नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. त्याच्यावर लेकचे नाव आहे, बोर्किनचे आहे, मराठ्यांचाही उल्लेख आहे. पडलेल्या शिपायांपैकी कोणाचेही नाव नाही.

तो विद्यार्थी आता नोएडातच नोकरीला आहे, असे मागच्या मेळाव्यात समजले. ही स्मरणिका त्याच्या हाती पडेलच. त्याने एखाद्या रविवारी परवानगी काढून तो स्तंभ पाहून यावा आणि त्यावरील मजकूर पूर्वीसारखाच वहीत उतरवून मला पाठवावा.