आकड्यांत हरवलेले शिपाई

२९ एप्रिल १९१६, पहिले महायुद्ध : मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा येथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. सुमारे १३ हजार जण कैद झाले. त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत अनेक जण दगावले.

कबर नसलेल्यांसाठी पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. नाव मिळाले ते फक्त हिंदी अधिकाऱ्यांना. ही असमान वागणूक राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने मान्य केली २०२१ मध्ये. शंभर वर्षे लागली!

मराठा पलटणींत सातारा भागातून अनेक जण भरती होत; साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला आजही ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगावही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. इकडच्या एखाद्या घरात ‘खापरपणजोबा लढाईवर गेले, ते आलेच नाहीत’ एवढेच ठाऊक असेल, तर आधी पलटणीचा क्रमांक शोधावा. दगडावर नसलेले नाव आयोगाच्या नोंदींत सापडू शकते.