मॅग्नेटो प्रज्वलन (ट्रॅक्टर)

मॅग्नेटो हे बॅटरीविना ठिणगी निर्माण करणारे विद्युतजनित्र आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पेट्रोल व रॉकेलवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांत ते सर्रास वापरले जाई. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते. त्यामुळे तेथे ठिणगीची गरज नसते. मुंबईत तयार होऊ लागलेला आणि महाराष्ट्रात परिचित असलेला 'बी-२७५' डिझेल ट्रॅक्टर या प्रकारात मोडतो. नागपूर जिल्ह्यात कुहीसारख्या तालुक्यांत आज दिसणारे ट्रॅक्टरही डिझेलचेच असल्याने मॅग्नेटो हा आता मुख्यतः जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा विषय उरला आहे.

कार्यपद्धती

मॅग्नेटोत चुंबक व लोखंडी गाभ्यावरील दोन गुंडाळ्या असतात. प्राथमिक गुंडाळीत जाड तारेचे थोडे वेढे, तर दुय्यम गुंडाळीत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. इंजिनाबरोबर चुंबक (काही रचनांत गुंडाळी) फिरला की प्राथमिक गुंडाळीत प्रवाह वाहतो. तो जोरात असतानाच 'पॉइंट' उघडतात. प्रवाह तुटून चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटांना समांतर जोडलेला कंडेन्सर त्यांच्यातील ठिणगी रोखतो. तो निकामी झाल्यास पॉइंट जळतात आणि प्लगवरची ठिणगी क्षीण होते.

१९१७ च्या फोर्डसन 'मॉडेल एफ'मध्ये चुंबक थेट फ्लायव्हीलवर बसवलेले होते आणि कमी दाबाचा प्रवाह प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र कॉइलला पुरवला जाई. नंतरच्या 'मॉडेल एन'मध्ये उच्चदाब मॅग्नेटो आला.

सुरू करणे

खरी अडचण सुरुवातीची आहे. हँडलने इंजिन फारच संथ फिरते, तर मॅग्नेटोचा दाब वेगावर अवलंबून असतो. शिवाय चालत्या इंजिनात दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. तीच वेळ हँडल मारताना ठेवल्यास स्फोट दट्ट्याला मागे ढकलतो, हँडल उलट फिरते आणि मनगट मोडू शकते. यावर 'इंपल्स कपलिंग' हा तोडगा आहे. त्यातील खटका चुंबकाला काही अंश अडवून धरतो, दरम्यान स्प्रिंग ताणली जाते आणि खटका सुटताच चुंबक झटक्याने फिरतो. ठिणगी जोरकसही होते आणि उशिराही पडते. 'टक्' असा आवाज ही या जोडणीची खूण होय. इंजिनाने वेग घेतला की केंद्रोत्सारी बलामुळे खटके बाजूला सरकतात. तरीही हँडल खालून वर ओढावे आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, असा सावधगिरीचा नियम आहे.

रॉकेलवरील ट्रॅक्टर आधी पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर रॉकेलवर वळवले जात.

बंद करणे

बॅटरीच्या पद्धतीत स्विच बंद केला की प्रवाह तुटतो. मॅग्नेटोत मात्र प्राथमिक गुंडाळी इंजिनाच्या धातूशी जोडून ठिणगी मारली जाते. म्हणून स्विचची तार तुटलेली असेल, तर स्विच बंद असूनही हँडल किंचित फिरवताच इंजिन चालू होऊ शकते. दुरुस्तीपूर्वी प्लगच्या तारा काढून ठेवणे यासाठीच आवश्यक ठरते.